तक्त्यात सगळं ठीक, पाण्यात मासे मेलेले: रासायनिक मिश्रणांचं गणित

कारखान्याच्या सांडपाण्याचा तपासणी अहवाल म्हणजे एक लांबलचक तक्ता. डावीकडे पदार्थांची नावं: तांबं, जस्त, शिसं, क्रोमियम, सायनाइड, फिनॉल, अमोनिया. मधल्या रकान्यात किती सापडलं ते, उजवीकडच्या रकान्यात किती चालतं ते. प्रत्येक ओळीतला आकडा परवानगीच्या आत असला की अहवाल 'ठीक'. आणि तरीही त्याच पाण्यात सोडलेले मासे दोन दिवसांत पोट वर करून तरंगू शकतात. अहवाल खोटा नसतो, यंत्रही बिघडलेलं नसतं. तक्ता आपण एकेक ओळ करत वाचतो, मासा मात्र सगळ्या ओळी एकदमच आत घेतो.

उजव्या रकान्यातली मर्यादा येते कुठून, ते आधी पाहू. प्रयोगशाळेत काही टाक्यांमध्ये मासे ठेवतात. झेब्राफिश, रेनबो ट्राउट, कार्प, गप्पी अशा ठरलेल्या जाती असतात. प्रत्येक टाकीत एकाच रसायनाची चढती मात्रा घालतात आणि ९६ तासांनी मेलेले मासे मोजतात. ज्या मात्रेला निम्मे मासे मरतात तिला एलसी-५० म्हणतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०३ क्रमांकाची प्रमाणित चाचणी ती हीच. या आकड्याला, किंवा दीर्घ मुदतीच्या चाचण्यांतून आलेल्या आकड्याला, सुरक्षेसाठी १०, १०० किंवा १००० ने भागतात आणि मर्यादा ठरवतात.

पद्धत चुकीची नाही. तिच्यावाचून आपल्याकडे काहीच नसतं. पण तिच्या अटी बघा: पाणी स्वच्छ, तापमान ठरावीक, ऑक्सिजन भरपूर, मासे निरोगी, आणि रसायन एकच. कारखान्यांच्या खालच्या अंगाला वाहणाऱ्या नदीत यातली एकही अट पाळली जात नाही.

कल्ल्यापाशी काय होतं

गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. त्यामुळे पाणी सतत त्याच्या शरीरात शिरत असतं आणि क्षार बाहेर झिरपत असतात. आत आलेलं पाणी तो पातळ लघवीवाटे टाकून देतो आणि गमावलेले सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम कल्ल्यांतल्या खास पेशींकरवी पाण्यातून पुन्हा ओढून घेतो. हे काम दिवसरात्र, एक क्षणही न थांबता चालतं. म्हणजे कल्ला हा एकाच वेळी फुप्फुस आहे, क्षारांची राखण करणारा अवयव आहे आणि अमोनिया बाहेर टाकण्याची मुख्य वाटही आहे. एवढी कामं करायला त्याचा पृष्ठभाग अफाट असतो आणि रक्त व पाणी यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावा इतका पातळ.

आता या पडद्यावर एकेक रसायन येऊ द्या. तांबं सोडियम आत घेणारा पंप अडवतं. जस्त आणि कॅडमियम कॅल्शियमच्या वाटेवर जाऊन बसतात. साबणासारखे फेसाळ पदार्थ पेशींच्या आवरणातली चरबी सैल करतात, मग जे आत यायला नको तेही सहज येतं आणि जे आत राहायला हवं ते निसटतं. चिडलेला कल्ला बुळबुळीत स्राव सोडतो, त्याच्या पाकळ्या सुजतात, पडदा जाड होतो आणि ऑक्सिजनला रक्तापर्यंत पोचायला वेळ लागतो. या प्रत्येक गोष्टीला मासा एकेकटं तोंड देऊ शकतो. क्षार कमी पडले तर तो ओढून घेण्याचा वेग वाढवतो, ऑक्सिजन कमी पडला तर कल्ल्यांवरून जास्त पाणी फिरवतो. पण जास्त पाणी फिरवलं की त्या पाण्यातलं विषही जास्त आत येतं. एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटाला दार उघडून देतो, आणि मिश्रणांचा घात बराचसा इथेच होतो.

यात उन्हाळ्याची भर पडते. २० अंश तापमानाला पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. तेव्हा गरम पाणी हेही मिश्रणातलं एक रसायनच धरायला हवं, असं माझं मत आहे. कुठल्याच तक्त्यात ते तसं धरलेलं दिसत नाही.

बेरीज

मिश्रणाचा परिणाम मोजायच्या दोन मूळ कल्पना जुन्या आहेत. एक १९२६ साली लोवे या औषधशास्त्रज्ञाने मांडली, दुसरी १९३९ साली ब्लिस या शास्त्रज्ञाने. लोवे यांची कल्पना अशी, की दोन पदार्थ शरीरात एकाच पद्धतीने काम करत असतील तर ते एकमेकांची पातळ रूपं मानावीत आणि त्यांच्या मात्रा सरळ मिळवाव्यात. ब्लिस म्हणतात, दोघांचे मार्ग अगदी वेगळे असतील तर प्रत्येकाने मरण्याची शक्यता स्वतंत्र धरून संभाव्यतेच्या नियमाने जोडावी.

प्रत्यक्ष कामात सगळ्यात जास्त वापरली जाते ती पहिली, आणि तिचं गणित कुणालाही कागदावर करता येतं. पाण्यातली मात्रा भागिले त्या पदार्थाची एलसी-५०. येणाऱ्या आकड्याला विषएकक म्हणू. समजा, पहिल्या पदार्थाचं विषएकक ०.३, दुसऱ्याचं ०.४, तिसऱ्याचं ०.५. एकट्याने कुणीही निम्मे मासे मारणार नाही. बेरीज मात्र १.२ होते, आणि १ च्या पुढे गेलं की निम्म्याहून अधिक मासे मरतील असा अंदाज बांधायचा. होडीत चढणाऱ्या प्रत्येकाचं वजन होडीला सहज पेलणारं असलं तरी होडी बुडते, तसं हे आहे.

ही नुसती कागदी कल्पना राहिलेली नाही. कॅनडात १९६५ साली सॅमन माशांच्या पिल्लांवर तांबं आणि जस्त एकत्र करून प्रयोग झाले. खाणींच्या पाण्यात हे दोन धातू बहुधा जोडीनेच येतात. मारक पातळीजवळ दोघांची साधी बेरीज लागू पडली. द्रावण जास्त तीव्र केल्यावर मात्र पिल्लं अपेक्षेपेक्षा लवकर मेली. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये गप्पी माशांवर झालेला प्रयोग तर मला या विषयातला सगळ्यात बोलका वाटतो. तिथे ५० औद्योगिक सेंद्रिय रसायनं एका पाण्यात घातली, प्रत्येकाची मात्रा त्याच्या मारक मात्रेच्या साधारण पन्नासावा भाग. कुठलंही एक घेतलं तर माशाला त्याची जाणीवही होणार नाही. सगळी मिळून मात्र परिणाम बेरजेने सांगितला होता त्याच्या जवळपास आला. हे पदार्थ पेशींच्या आवरणात विरघळून माशाला गुंगी आणणाऱ्या प्रकारचे होते. आवरणात कोण किती शिरलं याला तिथे महत्त्व नसतं, एकूण किती शिरलं यालाच असतं.

संप्रेरकांची, म्हणजे हार्मोन्सची, नक्कल करणाऱ्या पदार्थांबाबतही हेच दिसतं. नर मासा सहसा अंड्यातल्या पिवळ्या बलकाचं प्रथिन बनवत नाही. त्याच्या रक्तात ते सापडलं, तर त्याच्या यकृताला कुणीतरी 'तू मादी आहेस' असा खोटा निरोप दिला आहे असं समजायचं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फॅटहेड मिनो जातीच्या नरांना असे पाच पदार्थ एकत्र दिले. त्यांत दोन इस्ट्रोजेन संप्रेरकं होती आणि नॉनिलफिनॉल, ऑक्टिलफिनॉल, बिसफिनॉल-ए ही तीन औद्योगिक रसायनं. एकट्याने जवळजवळ काहीच दाखवत नव्हत्या अशा मात्रांनाही मिश्रणाने नरांमध्ये हे प्रथिन बनवायला लावलं, आणि किती बनेल ते बेरजेने आधीच बरोबर सांगितलं होतं.

एकमेकांना हात देणारी विषं

मिश्रण म्हटलं की लोकांच्या डोक्यात पहिली भीती येते ती 'एक अधिक एक अकरा' होण्याची. ही भीती निराधार नाही, पण तिला जरा जास्तच भाव मिळतो. २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात दोन-दोन पदार्थांच्या शेकडो जोड्या तपासल्या होत्या. कीडनाशकांच्या जोड्यांपैकी ७ टक्के, धातूंच्या जोड्यांपैकी ३ टक्के आणि जहाजांच्या तळाला लावतात त्या शेवाळरोधक रंगांतल्या रसायनांच्या जोड्यांपैकी २६ टक्के ठिकाणी परिणाम बेरजेहून ठळकपणे जास्त निघाला. म्हणजे बहुतेक वेळा साधी बेरीजच होते, आणि मासे मारायला ती पुरते.

जिथे खरोखर एक अधिक एक अकरा होतात तिथे बहुधा एक ठरलेलं कारण असतं. माशाच्या यकृतात विष मोडून निकामी करणारी एन्झाइम्स असतात. एका रसायनाने ती एन्झाइम्सच गारद केली, की दुसरं रसायन न मोडता शरीरात साठत राहतं. मॅलाथिऑन हे कीडनाशक याचं चांगलं उदाहरण. एकटं आलं तर त्याचा बराच भाग एस्टरेज नावाची एन्झाइम्स मोडून टाकतात. सोबत डायझिनॉन किंवा क्लोरपायरिफॉस यांसारखं दुसरं कीडनाशक असेल तर ती एन्झाइम्स त्यांच्यातच अडकतात. २००९ साली कोहो सॅमनच्या पिल्लांवरच्या प्रयोगात अशा काही जोड्यांनी पिल्लं चक्क मेली, आणि तीही एकट्या रसायनाने मरत नव्हती अशा मात्रांना. काही बुरशीनाशकंही असंच करतात: स्वतः फारसं नुकसान न करता पायरेथ्रॉइड कीडनाशकांचं मोडणं लांबवतात.

उलटंही घडतं. कॅल्शियम भरपूर असलेल्या जड पाण्यात धातूंचा मारकपणा बराच कमी होतो, कारण कल्ल्यावरच्या ज्या जागा धातूला हव्या असतात त्या कॅल्शियमने आधीच अडवलेल्या असतात. कुजलेल्या पानांतून आलेले सेंद्रिय पदार्थ तांब्याला धरून ठेवतात आणि कल्ल्यापर्यंत पोचू देत नाहीत. म्हणून तांब्याचा तोच आकडा एका नदीत निर्धोक आणि डोंगरातल्या मऊ पाण्याच्या ओढ्यात मारक असू शकतो. काही देशांनी धातूंच्या मर्यादा पाण्याच्या जडपणाशी जोडल्या आहेत त्या याचमुळे.

पाणीच विषाचा स्वभाव बदलतं

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग हा. दोन सांडपाणी एकत्र आल्यावर नवं विष तयार होऊ शकतं, मुळातलं प्रमाण जरासुद्धा न वाढता.

अमोनियाचं घ्या. पाण्यात तो दोन रूपांत असतो: विद्युतभारित अमोनियम, जो कल्ल्यातून सहजी आत जात नाही, आणि भाररहित अमोनिया, जो सरळ आत शिरतो. कुठलं रूप किती, हे पाण्याचा सामू म्हणजे पीएच ठरवतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की ५ टक्क्यांच्या वर, ९ झाला की एक तृतीयांशाहून जास्त. आता कल्पना करा, एका कारखान्याच्या पाण्यात परवानगीइतका अमोनिया आहे आणि जरा खाली दुसऱ्या कारखान्याचं, सामू वाढवणारं अल्कलीयुक्त पाणी नदीला मिळतं. दोघांनी आपापली मर्यादा पाळली आहे. पण संगमाच्या खाली विषारी अमोनिया एकदम दसपट होऊ शकतो. तिथला मासा आधी बेचैन होतो, उसळ्या मारतो, कल्ले भराभर हलवतो, मग झटके येऊन गार पडतो. त्याच्या शरीरातला स्वतःचा अमोनियाही बाहेर पडायला वाट राहत नाही, कारण बाहेरच जास्त झालेला असतो.

सल्फाइड आणि सायनाइड यांच्या बाबतीत हेच उलट्या दिशेने घडतं. तिथे आम्लयुक्त पाणी मिसळणं घातक. सल्फाइडचा हायड्रोजन सल्फाइड वायू होतो. निकेलसारख्या धातूला घट्ट बांधलेलं सायनाइड, जे तोवर निरुपद्रवी होतं, ते सुटं होऊन कल्ल्यात शिरतं.

२०२२ च्या उन्हाळ्यात पोलंड आणि जर्मनी यांच्या सीमेवरच्या ओडर नदीत जे झालं त्यात हा धडा फार मोठ्या पटावर दिसला. सुमारे ३६० टन मासे मेले. सुरुवातीला संशय पाऱ्यावर गेला, मग इतर रसायनांवर. शेवटी सापडलं ते प्रिम्नेझियम पार्वम नावाचं सोनेरी शैवाल, जे एरवी निमखाऱ्या पाण्यात वाढतं आणि कल्ले उद्ध्वस्त करणारं विष सोडतं. ते गोड्या पाण्याच्या नदीत कसं फोफावलं? खाणी आणि उद्योगांच्या खारट पाण्याने नदी खारावली होती, दुष्काळाने पाणी आटलं होतं, ऊन कडक होतं आणि शैवालाला लागणारी खतद्रव्यंही होती. मीठ, उष्णता आणि पोषक द्रव्यं यांतलं काहीच रूढ अर्थाने विष नाही. फक्त विषांची यादी घेऊन तपासणाऱ्याला तिथे फार काही हाती लागलं नसतं.

न मारता मारणं

९६ तासांची चाचणी मेलेले मासे मोजते. जिवंत राहिलेल्या माशाचं काय झालं हे ती विचारत नाही. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतकं कमी तांबंही सॅमनच्या पिल्लांची वास घेण्याची शक्ती बोथट करतं. एखाद्या माशाला शिकाऱ्याने पकडलं की त्याच्या फाटलेल्या कातडीतून एक पदार्थ पाण्यात सुटतो आणि त्या वासाने आसपासचे मासे थिजून जातात किंवा दडतात. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली हे दाखवलं होतं. तांब्याच्या पाण्यात राहिलेलं पिल्लू या इशाऱ्याकडे लक्षच देत नाही, खुशाल पोहत राहतं आणि मोठ्या माशाच्या तोंडी जातं. त्या मृत्यूची नोंद कुठल्याही तक्त्यात होत नाही. अशा पिल्लाच्या वाट्याला मेंदूवर काम करणारं एखादं कीडनाशकही आलं, तर वास घेणं आणि पळणं ही दोन्ही कामं एकदम मंदावतात.

१ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली तेव्हा गोष्ट उघड होती. आग विझवायला मारलेल्या पाण्यासोबत अंदाजे ३० टन रसायनं ऱ्हाइन नदीत गेली, त्यांत कीडनाशकं होती, पाऱ्याची संयुगं होती आणि नदी लाल करणारा रंगही होता. सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले. अशी घटना सगळ्यांना दिसते, तिच्यामुळे कायदे होतात. वास हरवलेली पिल्लं मात्र कुणाला दिसत नाहीत.

मग तपासायचं कसं

सगळी मिश्रणं तपासून पाहणं अशक्य आहे. जगभरात नोंदणी झालेली रसायनं आणि मिश्रणं साडेतीन लाखांहून जास्त आहेत. त्यांतली फक्त १०० घेतली तरी दोन-दोनच्या जोड्या ४९५० होतात आणि तीन-तीनचे गट १,६१,७००.

यावर एक उपाय म्हणजे नावं विचारायचीच नाहीत. सांडपाणी आहे तसं घ्यायचं, पातळ करत जायचं आणि त्यात मासे, त्यांची अंडी किंवा कल्ल्यांच्या पेशी ठेवून पाहायचं. झेब्राफिशच्या भ्रूणांवरची ओईसीडी चाचणी २०१३ पासून आहे. ट्राउटच्या कल्ल्यांतून वाढवलेल्या पेशींवरची २०२१ पासून, आणि तिच्यात एकही मासा मारावा लागत नाही. पाणी विषारी आहे एवढं यातून कळतं, कुणामुळे ते नाही. ते शोधायला मिश्रणाचे भाग पाडत जावं लागतं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पावसानंतर कोहो सॅमन अंडी घालण्याआधीच मरत होते, त्याचं कारण असंच शोधलं. टायरच्या झिजेतून उतरलेल्या पाण्यात दोन हजारांवर रसायनं होती. भाग पाडत पाडत २०२० च्या अखेरीला एकच नाव उरलं: ६-पीपीडी-क्विनोन. टायर तडकू नये म्हणून त्यात घातलेल्या पदार्थाचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन ते बनतं. कारखान्यात कुणी बनवत नसल्याने ते कुठल्याच यादीत नव्हतं. लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाइतकं असलं तरी कोहोला पुरतं, आणि त्याच पाण्यात चम जातीचे सॅमन खुशाल पोहतात.

युरोपात सध्या दुसऱ्या उपायावर वाद चालू आहे: प्रत्येक रसायनाच्या मर्यादेला आणखी एका ठरावीक आकड्याने भागायचं, म्हणजे शेजारच्या अनोळखी रसायनांसाठी आधीच जागा राहील. उद्योगांचं म्हणणं, बहुतेक मिश्रणांत दोन-चार पदार्थच खरा भार उचलतात, मग सगळ्यांनाच का भागायचं? हे निरीक्षण बरंचसं खरं आहे. अडचण इतकीच, की ते दोन-चार कोणते हे नदीगणिक आणि ऋतूगणिक बदलतं. मला हा ओबडधोबड भागाकार निदान प्रामाणिक वाटतो.

एक व्यवहारातली गोष्ट राहिली. मासे मरताना दिसले तर मेलेल्यांपेक्षा मरायला टेकलेले मासे जास्त उपयोगी, कारण कुजायला लागलेल्या कल्ल्यांवरून काही कळत नाही. मासे लगेच बर्फात ठेवावेत. पाण्याचा सामू, तापमान आणि ऑक्सिजन तिथल्या तिथे मोजावेत. बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेईपर्यंत तिन्ही बदललेले असतात, आणि सामू हरवला की अमोनियाचा आकडा असूनही त्याचा अर्थ लावता येत नाही. नमुना मासे सापडले तिथला घ्यावाच, पण वरच्या अंगाचा, जिथे मासे ठीक आहेत तिथलाही घ्यावा. हे सगळं काही तासांत व्हायला हवं, कारण वाहत्या नदीत विषाचा लोंढा तोवर पुढे निघून गेलेला असतो.